तिसऱ्या वळणावरची मोजणी

४ फेब्रुवारी

मास्तर,

अक्षर ओळखलं असेल तर पत्र फाडण्याआधी दोन मिनिटं थांबा. ओळखलं नसेल तर सांगते, मी कवळीताई. लॅबमध्ये बसून लोकांच्या तोंडात बसतील असे दात करणारी. हे नाव तुम्हीच ठेवलंत, आणि गेल्या सहा वर्षांत त्या नावाने मला कुणी हाक मारलेली नाही.

पत्ता पंक्चरवाल्याने दिला. सायकलचं चाक घेऊन त्याच्या दुकानात गेले होते. त्याने ट्यूब पाण्यात बुडवली, बुडबुडे कुठून येतात ते बघत बसला आणि मान वर न करता म्हणाला, "मास्तर भेटले." मला वाटलं, चेष्टा करतोय. मग म्हणाला, माल आणायला लांब गेलो होतो, तिथे एका गोदामाच्या फाटकावर खुर्ची टाकून बसले होते, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहीत. "बारीक झालेत," म्हणाला. "केस सगळे गेले. आणि एक नवीनच खोड लागलीय. ड्रायव्हरने नंबर सांगितला की पुन्हा विचारतात. परत सांगितला की तिसऱ्यांदा विचारतात. मग उठून जातात आणि पाटी स्वतःच्या डोळ्यांनी बघून येतात. ड्रायव्हर लोक पार वैतागलेत."

मी विचारलं, कानाला काही झालंय का? तर म्हणाला, "दोनदा तपासून घेतले म्हणे. डॉक्टर म्हणतो ठणठणीत आहेत."

मास्तर, डॉक्टरांचं काय ऐकता. मी पंचवीस वर्षं दातांच्या डॉक्टरांची कामं करते, त्यांना स्वतःच्या मापाची चूक कधी दिसत नाही. पोहण्याच्या तलावात पोरांना शिकवण्यात तुम्ही अर्धं आयुष्य काढलंत, कानात पाणी जाऊन जाऊन आत काहीतरी झालं असेल. दुसरीकडे दाखवा. रात्री झोपताना कानात कापूस घाला. काळजी घ्या, एवढंच.

बाकी इकडची खबर. वाचनालयाच्या बाई निवृत्त होऊन लेकीकडे गेल्या. पंक्चरवाल्याचा धंदा बसलाय, हल्ली नव्या ट्रकच्या चाकांत ट्यूबच नसते म्हणे. आपल्या नदीवरच्या पाच ट्यूबा मात्र त्याने माळ्यावर जपून ठेवल्यात, वरून पावडर मारून, रबर चिकटू नये म्हणून. कशाला ठेवल्यास विचारलं तर म्हणाला, "टाकवत नाहीत." आईचे गुडघे गेले, डोळ्यांनाही कमी दिसतं. तरी तिचं बरं चाललंय. घरात तुमचा विषय निघत नाही.

उत्तर दिलंत तर बरं वाटेल. नाही दिलंत तरी मी समजून घेईन.

कवळीताई


२२ फेब्रुवारी

मास्तर,

उत्तर येणार नाही हे ठाऊक होतं, तरी पत्राची पेटी दिवसातून दोनदा उघडते. परवा तर कुलपातच किल्ली मोडली. शेजारच्या सुताराने पेटी उघडून दिली आणि आत काय, तर विजेचं बिल. तो हसला, मीही हसले.

आज सुट्टी आहे. इथे ऊन छान पडलंय. असं ऊन पडलं की माझे पाय आपोआप चुळबुळ करतात. आपण 'नदीवर जाऊ' असं कधीच म्हणायचो नाही. आपण 'नदी करायची का?' असं विचारायचो. जुन्या पुलाखाली ट्यूबा पाण्यात टाकायच्या, त्यात बूड घालून, पाय बाहेर काढून पसरायचं आणि होडीच्या धक्क्यापर्यंत चार तास काही म्हणजे काही करायचं नाही. मी घरी आईला सांगायची, "थकून आले गं." आई म्हणायची, "झोपून झोपून थकलीस?"

पहिल्या वळणापर्यंत दोन्ही काठांची झाडं वरून एकमेकांना भिडलेली. पाण्यावर सगळी हिरवी सावली, आणि मध्येच उन्हाचा एखादा तुकडा पोटावरून सरकत जायचा. दुसऱ्या वळणानंतर पाणी इतकं उथळ की बूड दगडांना घासायचं. वाचनालयाच्या बाई दर वेळी तिथे अडकायच्या आणि आपण कोणी मदत करायचो नाही. त्या पुस्तक डोक्यावर धरून चालत पुढे यायच्या, ट्यूब काखेत. आठ वर्षांत एक पान वाचलं नाही त्यांनी, पण पुस्तकाशिवाय कधी आल्या नाहीत. पंक्चरवाल्याची ट्यूब सगळ्यात जुनी, अठरा ठिगळांची. चहाचा थर्मास त्याच्याकडे बादलीत, आणि बादली पायाच्या अंगठ्याला बांधलेली.

आणि तुम्ही सगळ्यांच्या पुढे, पाठ आमच्याकडे. पुढच्याने मागे बघायचं नाही, हा तुमचाच नियम. पडलेलं झाड, पाण्याखालचा दगड हे पुढच्यालाच दिसायला हवं. आम्ही म्हणायचो, ट्यूबा दोरीने बांधू या, तर तुम्ही ओरडायचात, "दोरी झाडात अडकली तर पाचही जण अडकतील. दोरी नको, आवाज पुरे." तलावावर पोरांना मोजायचात तसं दर वळणावर आम्हाला मोजायचात. तुम्ही "एक" म्हणायचं, पंक्चरवाल्याने "दोन", बाईंनी "तीन", मी "चार". मग मागून, बऱ्याच उशिराने, धाकट्याचं "पाच".

आमचा धाकटा. बेकरीतली रात्रपाळी संपवून थेट पुलावर यायचा, भुवयांना मैद्याची पावडर तशीच. ट्यूबेत पडला की घोरायला लागायचा. तरंगायचं जॅकेट अंगात घालायच्या ऐवजी डोक्याखाली उशी म्हणून घ्यायचा. तुम्ही मागे न बघता विचारायचात, "धाकट्याने जॅकेट घातलंय का?" आणि मी सांगायची, "घातलंय, घातलंय." त्याच्यासाठी बोलायची सवय मला तो शाळेत जायला लागल्यापासूनची. पाढे येत नसले तर मी मागून सांगायची. आईने हाक मारली की मी ओ द्यायची, कारण हा अंथरुणातच असायचा.

त्या दिवसाबद्दल मी काही लिहिणार नाही. नदीबद्दल लिहावंसं वाटलं, ते लिहिलं. मला नदी आवडायची, मास्तर. अजून आवडते. हे कुणाला सांगायची सोय नाही.

कवळीताई


१४ मार्च

मास्तर,

तुमचं कार्ड काल आलं. तीनच ओळी, पण मी उभ्या उभ्या वाचल्या आणि मग जिन्यातच बसले. "पत्रं मिळाली. पुन्हा लिहू नका. फक्त एक विचारतो, तिसऱ्या वळणावर तुम्हाला खरोखरच काही ऐकू आलं नव्हतं का?"

सहा वर्षांनी तुम्ही अजून त्याच वळणावर आहात.

मास्तर, तेव्हा चौकीत मी जे सांगितलं तेच आजही सांगते. साहेबांनी विचारलं, "तुम्ही त्याच्या सगळ्यात जवळ होता. तिसऱ्या वळणावर तुमच्या भावाने आकडा दिलेला तुम्ही ऐकलात का?" मी म्हणाले, "मी नाही ऐकला." पंक्चरवाला आणि बाई म्हणाले, काहीतरी ऐकू आल्यासारखं वाटलं, पण तिथे पाण्याचा आवाज फार, शपथेवर सांगता येणार नाही. तुम्ही एकटेच ठाम होतात, "मी पाच ऐकलं." आणि तो जिथे सापडला ती जागा आणि डॉक्टरांचा कागद सांगत होते की वळणाच्या आधीच झाडाची फांदी त्याच्या कपाळावर बसली होती, त्यानंतर तो बोलणं शक्य नव्हतं.

पाण्याच्या आवाजात माणसाला भास होतात. आपल्याला जे ऐकायची सवय असते ते ऐकू येतं. यात तुमचा काही दोष नाही. तुम्ही तो विचार आता सोडून द्या. सहा वर्षं झाली. आपलं वय झालं.

माझी तब्येत बरी नाही, म्हणून इथेच थांबते.

कवळीताई


१५ मार्च

मास्तर,

कालचं पत्र टाकून घरी आले आणि जेवले. व्यवस्थित जेवले, मास्तर. भांडी घासली. आज लॅबमध्ये एका म्हाताऱ्या गृहस्थांची कवळी घासत होते. मेण बसलं होतं, रंग जुळला होता, सगळं नीट होतं, आणि माझ्या लक्षात आलं की मी वरचा जबडा खालच्या साच्यावर दाबून बसवायचा प्रयत्न करतेय. पंचवीस वर्षांत असं झालं नव्हतं. मी यंत्र बंद केलं आणि मालकांना सांगून घरी आले. आता हे लिहिते आणि आज संध्याकाळच्या आत पेटीत टाकते, नाहीतर परत हिंमत होणार नाही. कालचं पत्र आधी पोचेल. ते खोटं आहे.

तुम्हाला भास झाला नव्हता. "पाच" तुम्ही ऐकलंत. ते मी म्हणाले.

पहिल्या दोन वळणांना तो स्वतः बोलला होता. दुसऱ्या वळणानंतर मी एकदा मागे बघितलं, तो तोंड उघडं टाकून झोपला होता. मला त्याची दया आली. बेकरीत त्या आठवड्यात माणूस कमी होता, सलग सहा रात्री तो भट्टीपुढे उभा होता. मी ठरवलं, याला उठवायचं नाही. तिसरं वळण आलं. तुम्ही "एक" म्हणालात. दोन झाले, तीन झाले. मी "चार" म्हणाले, डोळे मिटलेलेच होते माझे, तोंडावर ऊन होतं. मग मी हनुवटी छातीत खुपसली, घशातून जाड आवाज काढला आणि त्याच्यासारखं लांबवून म्हणाले, "पा…च." मागे बघितलं नाही. मला स्वतःशीच हसू आलं होतं. मास्तरांना कशी टोपी घातली, असं वाटलं होतं मला.

मी ते म्हणाले तेव्हा त्याची ट्यूब रिकामी होती.

पुढे तो लांब सरळ पट्टा. वीस मिनिटं. तुम्ही शीळ घालत होतात. पंक्चरवाल्याने बादलीतून थर्मास काढला. मी चहा घेतला, मास्तर. चहा घेतला, आणि त्यालाही उठवून द्यावा म्हणून मागे वळून पाण्याचा हबका मारला, तो रिकाम्या ट्यूबेवर पडला. जॅकेट आत होतं.

त्या वीस मिनिटांत काही झालं असतं की नसतं, हे डॉक्टरांनी कुणालाच स्पष्ट सांगितलं नाही. आपण तिसऱ्या वळणावर थांबलो असतो तर तो पन्नास पावलांवर होता, मुळांत अडकलेला, आणि पाणी छातीपर्यंतच होतं. तुम्ही तर क्षणात काढलं असतं त्याला. हे मी रोज मोजते.

चौकीत साहेबांनी विचारलं, "भावाने आकडा दिलेला ऐकलात का?" मी म्हणाले, "मी नाही ऐकला." घरी येताना मनाशी म्हणत होते की यात खोटं काय आहे? भावाने दिलाच नव्हता, तर ऐकणार कुठून? पुढे तुम्ही "मी ऐकलं, ऐकलं" म्हणत राहिलात आणि लोक म्हणायला लागले, स्वतःची कातडी वाचवायला मास्तर मेलेल्या माणसाला बोलायला लावतोय. आमच्या दारात तुम्ही आलात, आईने तुमच्या तोंडावर दार लावलं. "माझा मुलगा तर घालवलाच, वर त्याच्या नावावर खोटं बोलतो," असं ती म्हणाली तेव्हा मी आत ओट्याजवळ उभी होते. तलावाच्या समितीने तुम्हाला काढलं. ज्याला पाच मोजता येत नाहीत त्याच्याकडे पोरं कशी सोपवायची, असं फळ्यावर कुणीतरी लिहिलं होतं. ते मी स्वतः वाचलं. तिथे खडू होता, ओलं फडकं होतं, मी ते पुसलंसुद्धा नाही.

का गप्प राहिले, ते विचाराल. आईमुळे. तिला एक मुलगा गेल्यावर एवढंच कळायचं बाकी होतं की तो मुलीच्या गमतीत गेला. हे कारण खरं आहे. पण पूर्ण नाही. मला माझी भीती वाटली. तुमच्यावर येतंय तर येऊ दे, तुम्ही घट्ट आहात, सोसाल, असं मी धरून चालले. आणि तुम्ही सोसलंत. शेवटी तुमचा तुमच्याच कानांवरचा विश्वास गेला, आणि मी पहिल्या पत्रात तुम्हाला कापूस घाला म्हणून सल्ला दिला. मला माझीच शिसारी येते.

कान दाखवायला आता कुठे जाऊ नका. गाडीचा नंबर ड्रायव्हर एकदा सांगेल तोच लिहा.

माफी मागत नाही. मागायचं तोंड नाही मला.

ताई


४ एप्रिल

मास्तर,

तुम्ही लिहू नका म्हणाला होतात. हे शेवटचं.

सोबत दोन कागद आहेत. एक चौकीत दिलेल्या नव्या जबानीची प्रत. साहेब बदललेत, नवे तरुण आहेत. त्यांनी शांतपणे सगळं लिहून घेतलं आणि मग विचारलं, "बाई, आता सहा वर्षांनी कशाला?" मी जबानीवर सही केली. ते म्हणाले, पुढे काय होईल ते वरचे ठरवतील. होऊ दे. दुसरा कागद तलावाच्या समितीला दिलेल्या पत्राची प्रत. ते मी नुसतं देऊन आले नाही, कार्यालयात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं. शिपाईसुद्धा ऐकत होता. पंक्चरवाल्याला दुकानात जाऊन सांगितलं. त्याने हातातली पाना-पक्कड खाली ठेवली आणि आत निघून गेला. मी अर्धा तास उभी होते, तो बाहेर आला नाही.

या सगळ्याच्या आधी आईला सांगितलं. रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर. तिने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही, ओरडली नाही. मी म्हणाले, "आई, काहीतरी बोल." ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी ताट नेऊन ठेवायची, मी खोलीतून बाहेर पडले की जेवायची. चौथ्या दिवशी तिची कवळी टोचायला लागली, म्हणजे नाइलाजच झाला. मी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले, कवळी काढून कड घासत होते. दात नसले की आईचं तोंड अगदी लहान होतं. ती माझ्या हातांकडे बघत होती.

मग म्हणाली, "तू तो आवाज कसा काढलास?"

"कसा म्हणजे?"

"म्हणजे कसा. काढून दाखव."

मी म्हणाले, "आई, नको गं. मला नाही जमणार."

"तेव्हा जमलं ना? मग आता जमव." आणि मग म्हणाली, "आकडा नको म्हणूस. सकाळी मी हाक मारली की तो काय म्हणायचा, ते म्हण."

मी उठून तिच्याकडे पाठ केली, कारण तिच्या तोंडाकडे बघून ते होणार नव्हतं. हनुवटी छातीला टेकवली आणि म्हणाले, "उठतोय गं आई. झोपू दे ना थोडं."

मागून आई लगेच म्हणाली, "ऊठ रे राजा, चहा निवतोय."

मास्तर, ती अगदी सहज म्हणाली. रोजच्यासारखं, किंचित वैतागून. मी वळले तेव्हा तिचा हात पुढे आलेला होता, पांघरूण ओढायला पुढे येतो तसा, आणि हातात काहीच नव्हतं. ती त्या हाताकडे बघत राहिली. मग तो खाली मांडीवर ठेवला आणि ती रडली. सहा वर्षांत मी तिला असं रडताना बघितलं नव्हतं. मी तिला जवळ घ्यायला गेले, तिने घेऊ दिलं नाही. मला दूर लोटलं. मी तशीच समोर बसून राहिले.

शेवटी तिने पदराने तोंड पुसलं. कवळी मागितली, बसवली, दोनदा चावून बघितली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझं माझं काय ते नंतर. आधी मास्तरांना लिही. म्हणावं, त्याची आई असून मीही त्या आवाजाला फसले."